पांढऱ्या रेघा, काळ्या रेघा

ही हकिकत मी आजवर टाळत आलो. नोकरीतल्या आठवणी लिहायला लागलो तेव्हा दरोडे लिहिले, खोट्या नोटांचं प्रकरण लिहिलं, बैलचोर पकडल्याचं तर दोनदा लिहिलं, कारण वाचणाऱ्यांना ते आवडलं. ही मात्र दर वेळी पुढच्या खेपेवर ढकलली. विसरलो होतो असं नाही. त्या बाईचा जबाब मला आजही शब्दन् शब्द पाठ आहे. तो काही फार मोठा नव्हताच. आता पुढची खेप मिळेल याची खात्री उरलेली नाही, आणि त्या प्रकरणाचा जो कागद सरकारी दप्तरात पडला आहे तो खोटा आहे. तो माझ्याच हातचा आहे.

नावं कुणाचीच देत नाही. गाव भूमच्या बाजूचं होतं, एवढं पुरे. मराठवाडा मुंबई राज्यात येऊन दोन-तीन वर्षं झाली होती. मी बार्शीकडचा, नवा कोरा फौजदार. पण निजामाच्या वेळची सवय लोकांच्या जिभेवरून गेली नव्हती, त्यामुळे सगळे मला ‘अमीनसाहेब’ म्हणत. ठाण्याची जुनी दप्तरं उर्दूत, नवी मराठीत, आणि दोन्हींच्या मधे आमचे जमादार. ते जुन्या राजवटीतले, पेन्शनीला टेकलेले मुसलमान गृहस्थ. उर्दू झरझर लिहीत, मराठी मात्र एकेक अक्षर कोरल्यासारखं. ठाण्यात टेलिफोन नव्हता. सायकली तीन, त्यांतली एक चालू. वैशाखात विहिरी तळाला गेलेल्या, आणि निम्म्या तक्रारी पाण्यावरून भांडणाच्या.

त्यामुळे बाजाराच्या दिवशी तो पंचवीसेक वर्षांचा शेतकरी ठाण्यात आला आणि पाण्याचं बोलू लागला, तेव्हा मी वर न बघताच विचारलं, “कुणाच्या विहिरीवरून?”

“विहिरीचं न्हाय, अमीनसाहेब. माझ्या दादाला वयनी मारायलीय.”

“कशानं?”

“पानी न देता.”

मी लेखणी खाली ठेवली. तो उभ्या उभ्या घामाघूम झाला होता. पायांत वहाण नव्हती.

“दादा निस्ता ओरडायलाय, पानी दे, पानी दे. अन् ही गिलासानं मोजून देतीय. दिसातनं तीन गिलास. मिठाचा खडा न्हाय त्याच्या तोंडात. त्याची भाकरी येगळी, कालवण येगळं, कुनाला चुलीपशी येऊ देत न्हाय. भिताडावर रेघा वढती, पांढऱ्या अन् काळ्या. अन् साहेब...” तो घुटमळला. “त्याची लघवी मडक्यात धरती. रोज सकाळी परसात नेऊन बघत बसती. गाव म्हनायलंय, करनी करायलीय.”

“कधीपासून?”

“माघात सोलापूरच्या दवाखान्यात नेऊन आनलं तवापसून. म्या ज्वारीच्या काढनीत गुतलो व्हतो, तीच घेऊन गेलती. इचारलं तर म्हनती, डाक्टरनं पानी तोडाया सांगितलंय. असा कुटं डाक्टर असतोय व्हय, साहेब?”

मी हसलो. कोपऱ्यातला शिपाईही हसला आणि म्हणाला, “बाईनं पान्याचं रेशनिंग काढलं जनू.” जमादार हसले नाहीत, पण ते तसेही हसत नसत.

नव्या फौजदाराला एक गोष्ट शिकवलेली असते: तक्रारदाराचा हेतू आधी तपासा. मी तपासला. जमिनीचा वाद आहे का? नाही. वाटणी मागतोस का? “दादा असताना वाटनी कशाची?” असं तो इतक्या भाबडेपणानं म्हणाला की मीच ओशाळलो. भावावर त्याचा जीव होता, डोळे भरलेले होते. मी मनाशी निकाल लावून टाकला: माणूस खरं बोलतोय. तो खरंच बोलत होता. खरं बोलणारा माणूससुद्धा पार चुकीचं सांगू शकतो, ही साधी गोष्ट मला पुढच्या तीन दिवसांत कळायची होती.

मंगळवारी सकाळी मी, जमादार आणि दोन शिपाई गावात गेलो. पोलीस पाटील आणि दोन पंच बरोबर. घर तीन खणांचं, स्वच्छ सारवलेलं. आजारी माणूस माच्यावर उशाला तीन पोती लावून बसवलेला. चाळिशीच्या आतला असेल. चेहरा असा सुजलेला की डोळ्यांच्या जागी चिरा. पाय खांबासारखे, बोट दाबलं की खड्डा तसाच राही. अंगावर खाजवून खाजवून ओरखडे. तोंडाला एक वेगळाच वास, गोठ्यात यावा तसा. त्यानं माझ्या टोपीकडं बघितलं आणि हात जोडले.

“साहेब, पानी.”

त्याची बायको दारात उभी होती. तिशीची, काटक, पदर डोक्यावरून कपाळापर्यंत ओढलेला. हातात छोटा पितळी गिलास. तिनं खाली बघून सांगितलं, “आजचं सकाळचं झालं. आता दिस कलल्यावर.”

आज त्या वाक्यात मला नेमानं वागणारी बाई दिसते. त्या दिवशी मला त्यात उर्मटपणा ऐकू आला. बाहेर अंगणात सारा गाव जमलेला. कुणीतरी म्हातारी मोठ्यानं म्हणाली, “जनावराला सुदीक कुनी न्हाय म्हनत न्हाय गं, सटवे!” दुसरी म्हणाली, “अमीनसाहेब आलंत, आता दे म्हनावं न्हाय.”

मी स्वयंपाकाच्या खोलीत गेलो, रांजणातून तांब्या भरला आणि त्या माणसाच्या ओठाला लावला. बाई पुढं झाली. “नगा साहेब! साहेब, नगा, त्यांना चालत न्हाय!” शिपायानं तिचा दंड धरून मागं ओढलं. माणूस तांब्या संपेपर्यंत थांबला नाही. गळ्यावरून, छातीवरून पाणी ओघळलं. मग त्यानं डोळे मिटले आणि म्हणाला, “देव भलं करो तुमचं.”

अंगणातून लोकांनी माझ्या नावाचा जयजयकार करायचा तेवढा बाकी ठेवला. लपवून काय उपयोग, मला फार बरं वाटलं. वर्दीचं काही सार्थक झालं असं पहिल्यांदा वाटलं. निघताना मी धाकट्या भावाला सांगितलं, “हवं तेवढं पाणी दे. नीट खाऊ घाल. बाईला आम्ही घेऊन जातो.”

त्याआधी पंचनामा केला. चुलीजवळची वेगळी भांडी, आळणी भाजीचा नमुना, मडकं, गिलास, एका पेटीतल्या औषधाच्या पुड्या, आणि त्याच पेटीत घडी घातलेला एक कागद. पंचांनी विचारलं, काय लिहायचं? मी कागद उघडला. इंग्रजी, डॉक्टरी गिचमीड अक्षर, दोन-तीन औषधांची नावं. औषधाची चिठ्ठी. मी लिहायला सांगितलं, ‘इंग्रजी अक्षरांचा एक कागद’, आणि बाकीच्या मुद्देमालाबरोबर लाखेनं सीलबंद केला. मी मॅट्रिक झालेला माणूस. कागद उलटून बघायला किती वेळ लागतो?

भिंतीवर चुन्यानं ओढलेल्या पांढऱ्या रेघा होत्या, त्यांच्या खाली कोळशाच्या काळ्या. दिवसाचा एक गठ्ठा, मग मोकळी जागा, मग पुढचा. पंचनाम्यात मी लिहिलं: ‘प्रयोजन समजले नाही, जादूटोण्याचा प्रकार असावा असा पंचांचा संशय.’ जमादार त्या भिंतीसमोर बराच वेळ उभे राहून पंचनाम्यासाठी रेघांची नक्कल उतरवत होते. मी त्यांना दोन हाका मारल्या.

ठाण्यात चौकशी सुरू झाली. तेव्हा बायकांसाठी वेगळी व्यवस्था नव्हती. कोतवालाच्या बायकोला बोलावून व्हरांड्यात बसवलं आणि आत मी, जमादार, दोन शिपाई, पोलीस पाटील आणि एक पंच असे सहा पुरुष त्या एका बाईसमोर.

“नवऱ्याला पाणी का देत नव्हतीस?”

“डाक्टरनं सांगितलं.”

“कुठल्या डॉक्टरनं?”

“सोलापूरच्या. कागदावर लिवलंय समदं. वाचा की साहेब.”

“कागद वाचला मी. औषधं आहेत त्यात. पाण्याचं काही नाही.”

माझ्या बोलण्याचा तिला खरोखरच प्रश्न पडला असावा. तिला अक्षर येत नव्हतं. फौजदार वाचतो म्हणजे सगळं वाचतो, असं ती धरून चालली होती.

“रेघा कसल्या?”

“पांढऱ्या पान्याच्या.”

“आणि काळ्या?”

काही नाही. मी पुन्हा विचारलं. तिनं मान आणखी खाली घातली. मी टेबलावर हात आपटला. काही नाही. मडक्याचं विचारलं, तरी काही नाही. मी जमादारांकडे विजयानं बघितलं. आरोपी जिथं अडतो तिथंच गुन्हा असतो, हे आमचं शिक्षण. सहा परक्या पुरुषांसमोर त्या गावातली कुठलीही बाई नवऱ्याच्या लघवीचं नाव काढणार नाही, हे सुचायला काही शिक्षण लागत नाही. मला ते सुचलं नाही.

तीच तीच उत्तरं ऐकून माझं डोकं फिरलं. बुधवारी मी तिला उभं ठेवूनच विचारलं, “बरं, तुझा डॉक्टर आणखी काय म्हणाला?”

“म्हनले, आतलं दोनी गुर्दं सुकलं. आता वाढून येत न्हाईत. म्या म्हनलं, माझ्यातलं एक काढा अन् त्यास्नी घाला. म्या तगडी हाय. ते म्हनले, बाई, तसं व्हत न्हाय.”

शिपाई फस्सकन हसला. मीही हसलो आणि उठून उभा राहिलो. “माणसाचे अवयव म्हणजे बैलगाडीची चाकं वाटली काय गं तुला? एक काढलं, दुसरं घातलं? फौजदारासमोर बोलतीयस, जत्रेत नाही!”

“म्या निस्तं इचारलं व्हतं, साहेब,” ती म्हणाली. “इचाराया काय जातंय.”

तेवढ्यात ती पहिल्यांदा वर बघून बोलली. “मला दोन घटका घरी सोडा. शिपाई द्या संगं. संध्याकाळचं त्यांचं पानी मोजून देते अन् लगी परत येते. मग मला काय करायचं ते करा.”

“त्यांची काळजी तुझा दीर घेतोय. पोटभर पाणी पितोय तो आता.”

तिचा चेहरा कसा झाला ते मी लिहू शकत नाही. ती मटकन खाली बसली. मला वाटलं, नाटक.

ती व्हरांड्यात गेल्यावर जमादार त्यांच्या दखनीत म्हणाले, “साब, चालीस बरस हो गए पोलीस में. झूटा आदमी जबाब बदलता. ये बाई बदलतीच नै. उसको छोडो, या तो वो कागज खोलो.”

“सील मोडायचं म्हणजे पंच बोलवा, नवा पंचनामा करा...” मी वैतागून म्हणालो. “परवा बघू.”

गुरुवारी सकाळी पोलीस पाटलाचा माणूस आला. पहाटेपासून श्वास लागला होता, तोंडाला फेस आला होता, सूर्य उगवता माणूस गेला.

मी खुनाचा गुन्हा दाखल करायच्या तयारीनं गावात गेलो. तालुक्याला स्वार पाठवून सरकारी डॉक्टर जीपनं बोलावले. ते दुपारी आले, प्रवासानं आणि धुळीनं आधीच चिडलेले. चावडीमागच्या खोलीत त्यांनी शव उघडलं. मी आणि धाकटा भाऊ दाराशी होतो.

“फौजदार, विष शोधताय ना? या, बघा.” त्यांनी ताटलीत दोन लहान, खडबडीत, आक्रसलेले गोळे ठेवले होते. “ही मूत्रपिंडं. निरोगी माणसाची मुठीएवढी असतात. ही कित्येक वर्षं मरत होती. ही बंद पडली की पोटात गेलेलं पाणी बाहेर येत नाही. अंगात साठतं, शेवटी फुप्फुसात. हा बाहेरून कोरडा दिसत असेल, पण आत बुडून मेलाय. दोन दिवसांत काय काय पाजलं याला?”

धाकटा भाऊ सांगू लागला. त्याला लपवायचं काही नव्हतं. पाणी. मीठ घातलेलं ताक. हुलग्याचं माडगं, लघवीला चांगलं म्हणून. काल कोंबडीचा रस्सा. सगळं पोटभर. “लई दिसांनी जेवला, डाक्टरसाहेब. हसला बी.”

डॉक्टरांनी हात पुसले. “आणि त्याआधी? कुणीतरी याला मीठ तोडून, पाणी मोजून ठेवलेलं दिसतंय. नाहीतर या मूत्रपिंडांवर हा शिमगा बघता ना. कोण करत होतं?”

“त्याची बायको,” मी म्हणालो.

“कुठाय ती?”

“ठाण्यावर.”

डॉक्टर माझ्याकडं बघत राहिले. ते काही बोलले असते तर बरं झालं असतं.

धाकटा भाऊ भिंतीला टेकून उभा होता. त्यानं विचारलं, “मानसाला असली दोन असत्यात?”

“दोन.”

“माझी दोनी चांगली असतील?”

“असतील.”

“मग यातलं एक काढून दादाला...”

या वेळी कुणी हसलं नाही. डॉक्टर म्हणाले, “विलायतेकडं जुळ्या भावांत केलंय असं वाचलं मी. इथं अजून नाही. पुढं कधी होईलही. तोवर जी बाई पाणी मोजत होती तिचं ऐकायचं होतं.”

ठाण्यावर येऊन पंच बोलावले, सील मोडलं, कागद उलटला. मागच्या बाजूला, पुढच्यापेक्षा कितीतरी स्वच्छ अक्षरात, पाच ओळी होत्या: मीठ पूर्ण बंद. डाळ, मांस, दूध जवळजवळ बंद. रोजची लघवी मोजावी. आदल्या दिवशी जेवढी लघवी झाली तेवढं पाणी, अधिक दोन लहान गिलास. याहून एक घोट जास्त देऊ नये.

जमादारांनी पंचनाम्यातल्या रेघांची नक्कल पुढं ओढली आणि बोटानं मोजू लागले. काळ्या रेघा लघवीच्या: आदल्या दिवशी काळी एक, तर दुसऱ्या दिवशी पांढऱ्या तीन. काळ्या दोन, तर दुसऱ्या दिवशी पांढऱ्या चार. वरपासून खालपर्यंत एकदाही चूक नाही. अक्षरशत्रू बाईनं तीन महिने डॉक्टरची आज्ञा भिंतीवर पाळली होती, आणि मी त्या रेघा जादूटोणा म्हणून नोंदवल्या होत्या.

तिला व्हरांड्यात कळलं. कोतवालाच्या बायकोनं सांगितलं. मी बाहेर गेलो तेव्हा ती खांबाला धरून बसली होती. तिनं एवढंच विचारलं, “कवा?”

“सकाळी.”

तिनं मान हलवली. रडली नाही. मला म्हणायला हवं होतं ते सारं माझ्या तोंडाशी होतं. मी म्हणालो, “तुम्हाला जायला हरकत नाही.”

आणि मग मी ते केलं, ज्यासाठी हे लिहितो आहे. बाई मंगळवारी सकाळपासून गुरुवार दुपारपर्यंत ठाण्यात होती. अटक दाखवलेली नव्हती, डायरीला नोंद नव्हती. आता मृत्यू झाला होता. वरून विचारणा झाली असती की तिला कुणी डांबलं, पाणी कुणी पाजलं, चिठ्ठी का वाचली नाही. मी जमादारांना म्हणालो, मंगळवारच्या पानावर लिहा: सदर बाईकडे विचारपूस करून त्याच दिवशी गावी परत पाठविले.

जमादारांनी लेखणी खाली ठेवली. “माझी मराठी कच्ची हाय, साहेब. तुमीच लिवा.”

मी लिहिलं. अकस्मात मयतचा अहवालही मीच लिहिला: दीर्घ आजाराने मृत्यू, संशय नाही. तांब्याचा उल्लेख नाही, कागदाच्या मागच्या बाजूचा नाही. प्रकरण बंद. वरिष्ठांनी शेरा मारला, ‘तपास समाधानकारक.’

बाई निर्दोष सुटली असं कुणी म्हणेल. कागदावर सुटली. गावाला कागद कोण दाखवतो? डॉक्टर चावडीमागच्या खोलीत बोलले ते तिथंच राहिलं. गावानं डोळ्यांनी बघितलं ते एवढंच: तिनं तीन महिने पाणी तोडलं, अमीनसाहेबांनी पाजलं, पण तोवर उशीर झाला होता. दीर चार लोकांत खरं सांगू लागला तर लोक म्हणाले, वहिनीनं ह्यालाही काही खाऊ घातलं. तिचं नाव ‘पाणतोडी’ पडलं. पाणवठ्यावर ती आली की बाया आपली घागर झाकून घेत. माझ्या एका शब्दावर कोतवालानं गावात दवंडी दिली असती: अमुक बाईचा दोष नाही, चूक पोलिसांची झाली. दवंडीला काही लागत नव्हतं. मी ती दिली नाही, कारण दवंडीत दुसरं वाक्य बोलावं लागलं असतं.

दोन-तीन वर्षांनी येरमाळ्याला येडेश्वरीच्या चैत्री यात्रेत मी बंदोबस्ताला होतो. दर्शनाच्या रांगेत ती दिसली. दिराची बायको आणि पोरं बरोबर होती. तिनं मला ओळखलं. मी शिट्टी शिपायाकडं दिली आणि जवळ गेलो. इतकी गर्दी, इतका गलका, की कुणाला काही ऐकू जाणार नव्हतं. याहून चांगली संधी मागून मिळाली नसती.

मी विचारलं, “काही तक्रार आहे का?”

“कशाची, साहेब?”

“गावात... कुणाचा त्रास वगैरे.”

“हाय ते हाय.” मग तिनं थोडा पदर सावरला. “त्यो कागुद वाचला का तुमी? मागला?”

“वाचला.”

“मग झालं,” ती म्हणाली. रांग पुढं सरकली, तिच्याबरोबर ती सरकली. मी तिथंच उभा राहिलो, आणि एका पाळणेवाल्यावर विनाकारण खेकसलो.

पुढं बदल्या झाल्या, बढत्या झाल्या, निवृत्त झालो. आयुष्यानं मला विसरू दिलं असतं. पण माझ्या जावयाची मूत्रपिंडं निकामी झाली. डॉक्टरांनी मुलीच्या हातात छापील तक्ता दिला: पाणी किती, लघवी किती, मीठ बंद. ती वहीत लिहू लागली, आणि मला त्या घरात बसवेना. भेटायला येणारे शहाणे लोक शहाळी घेऊन येत. “थोडंसं प्यायलं तर काय होतंय? बिचाऱ्याचं तोंड कोरडं पडलंय!” एकदा मी एका सुशिक्षित पाहुण्याच्या हातातला पेला हिसकावून घेतला. घरात सगळे माझ्यावर चिडले. पन्नास वर्षं उलटली, डायलिसिस आलं, दुसऱ्याचं मूत्रपिंड बसवता येऊ लागलं, तरी माणसाची दया तशीच आंधळी.

आणि ते दुसऱ्याचं मूत्रपिंड मिळणं! जावयाचे सख्खे भाऊ दोन. एकाला अचानक साखर निघाली, दुसऱ्याच्या बायकोला स्वप्नं पडू लागली. मरणोत्तर मिळणाऱ्या मूत्रपिंडाची यादी एवढी लांब की तिच्यात नाव घालणं म्हणजे नुसता अर्ज करून ठेवणं. माझ्या ओळखीच्या एका गृहस्थांचा तरुण मुलगा अपघातात मेंदू मृत होऊन गेला. डॉक्टरांनी हात जोडून विचारलं, तर हे म्हणाले, त्याला अर्धवट अंगानं कसं पाठवू? सगळं अंग सरणावर जळालं. दोन माणसं जगली असती. मी माझं नाव अवयवदानासाठी कधीच नोंदवून ठेवलंय. माझ्या वयाचं काय उपयोगी पडेल ते पडो. शेवटी मुलीनंच आपलं एक मूत्रपिंड नवऱ्याला दिलं. शस्त्रक्रियेच्या आधी ती म्हणाली, “मी धडधाकट आहे, बाबा, मला काय होतंय?” मी खोलीतून उठून बाहेर गेलो. हेच वाक्य मी एकदा ठाण्यात उभा राहून हसण्यावारी नेलं होतं. तेव्हा ते अशक्य होतं हे खरं. पण मी अशक्य म्हणून हसलो नव्हतो; बोलणारी आरोपी होती म्हणून हसलो होतो.

या प्रकरणानं मला काय शिकवलं, हे अशा लेखात शेवटी सांगायची रीत आहे. पुढच्या नोकरीत मी प्रत्येक कागद उलटून बघितला आणि बाईमाणसाचा जबाब कधी पुरुषांच्या घोळक्यात घेतला नाही. पण ज्या बाईकडून हे शिकलो, तिला त्याचा काय उपयोग?

मुलगी दवाखान्यातून घरी आल्यावर मी एसटीनं त्या गावाला गेलो. दीर ओसरीवर बसलेला, माझ्यासारखाच थकलेला. ओळख द्यावी लागली.

“वहिनी आहेत का?”

“वयनी गेली, साहेब. दोन सालं झाली.”

मी तिथंच पायरीवर बसलो आणि त्याला सारं सांगितलं. डायरीचं, दवंडीचं. शेवटी म्हणालो, “पाणी मी पाजलं.”

“तुमी एक तांब्या पाजला,” तो म्हणाला. “बाकीचं दोन दिस म्या पाजलं. पन म्या तिसऱ्या दिशी वयनीचं पाय धरलं व्हतं. माझ्याच घरात मेली ती, मानानं. तुमची वाट बघितली तिनं काही साल. म्हनायची, अमीनसाहेब येऊन गावात सांगतील एक दिस, त्यांनी वाचलाय कागुद. मग म्हनायची सोडली.”

त्याला सांगून माझं काम होणार नव्हतं. गावात आता ते ऐकणारेही कुणी उरले नव्हते. म्हणून इथं लिहितो, जिथं चार लोक वाचतील.

बाई, तुम्ही पहिल्या दिवशी खरं सांगितलं होतं. तुमच्या नवऱ्याला तुम्ही जगवत होतात. त्यांना मी मारलं, दया दाखवून, आणि त्यांच्या शेवटच्या दोन दिवसांत तुम्हाला त्यांच्यापाशी बसू दिलं नाही. मग मी खोटं लिहिलं, आणि गाव तुम्हाला जे म्हणालं ते म्हणू दिलं. तुमच्या भिंतीवरची एकही रेघ चुकलेली नव्हती. मला माफ करा.